त्रिकोणाखालचं ‘हे’

माझ्या बायकोवर कोणीतरी लाल रेघ मारली होती. खालून वर, तिरपी, पट्टी धरून मारलेली, गोलाच्या दोन्ही अंगांनी जराशी बाहेर आलेली. मी खामगावच्या कॉलेजात समाजशास्त्र विभागाच्या दारात उभा होतो आणि समोरच्या भिंतीवर तिनं केलेला नात्यांचा तक्ता लावला होता. तक्ता माझ्या ओळखीचा होता. आमच्या घरात, फरशीवर, कोपऱ्यांवर वाट्या ठेवून ती तो काढत बसायची आणि मी त्याला ओलांडून मोरीकडे जायचो. तेव्हा त्यावर लाल काही नव्हतं. बाईसाठी गोल, पुरुषासाठी त्रिकोण, नवराबायकोच्या मध्ये बरोबरची खूण, मुलांसाठी खाली उतरलेली रेघ. मधोमध एक गोल पेन्सिलीनं काळा भरलेला आणि त्याखाली तिच्या अक्षरात लिहिलेलं, मी. जिच्यापासून नाती मोजायची ती ‘मी’, असं तिनंच मला सांगितलं होतं. त्या ‘मी’वरून आता ती रेघ गेली होती.

आतून अविनाश सर उठून आले आणि म्हणाले, या काका, बसा. मी त्यांचा काका नाही. आमच्या वयात फार अंतर नसेल. त्यांनी खुर्ची पुढे केली, गजेंद्र नावाच्या एका पोराला चहा आणायला पाठवलं, आणि चेहरा असा केला जसा गेल्या काही महिन्यांत सगळेच माझ्यासमोर करतात. भुवया वर, ओठ आत. तुमचं दुःख मी समजू शकतो, ते म्हणाले. माझं दुःख समजायला त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. उलट त्यांनीच मला फोन केला होता. अन्नपूर्णाबाईंची एक वस्तू आमच्याकडे आहे, त्याबद्दल थोडं बोलायचं आहे, येऊन जाल का, असा. नांदुऱ्यात माझं पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान आहे. लोक जळालेली मोटार आणून टाकतात, मी आतली काळी तार उपटून काढतो आणि नवी भरतो. फोन आला तेव्हा हात वार्निशनं भरलेले होते. मला वाटलं तिची छत्री राहिली असेल, किंवा डबा. घरात तिचा लहान डबा सापडत नव्हता, झाकणावर तिच्या माहेरचं नाव कोरलेला. त्या डब्यासाठी मी दुकान बंद करून, कापसाच्या टेम्पोंमागून रखडत येणाऱ्या एसटीत उभं राहून खामगावला आलो होतो. आणि इथे डबा नव्हता. इथे ती भिंतीवर होती आणि तिच्यावर रेघ होती.

रेघ कोणी मारली, असं मी विचारलं. सर जरा खूश झाल्यासारखे वाटले. शिकवायची सवय असलेल्या माणसाला कोणी काहीही विचारलं की तो खूश होतो. ते उठून तक्त्याजवळ गेले आणि बोट फिरवत सांगू लागले. ही पद्धत आहे काका, जगभर असंच करतात. हयात नसलेल्या व्यक्तीवर तिरपी रेघ. हे बघा, त्यांच्या वडिलांवर आहे, तुमच्या आईवडिलांवर आहे. ते खरं होतं. माझ्या आईवर आणि बापावर अन्नपूर्णानं स्वतःच्या हातानं रेघा मारल्या होत्या, काळ्या पेनानं. मारताना म्हणाली होती, मामंजी, माफी करा बरं. आणि हसली होती. पण या रेघा आणि ती रेघ यात फरक होता. तो मला सांगता येत नव्हता आणि सरांना तो दिसत नव्हता.

लोकांना तिचं मरण फार आवडलं होतं. हे वाईट दिसतं लिहायला, पण तसंच होतं. बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, हातभर बांगड्या भरल्या, कपाळभर कुंकू लावलं, ओटी भरली. शेजारच्या सरस्वतीबाई रडतही होत्या आणि सांगतही होत्या, अहेव गेली, नशीबवान बाई, नवऱ्याच्या खांद्यावर गेली. प्रत्येक आलेली बाई तेच म्हणत होती. तिचं नशीब म्हणजे काय, तर मी जिवंत होतो. मी कोपऱ्यात बसून ते ऐकत होतो आणि मला एकेकीला उठवून बाहेर काढावंसं वाटत होतं. अन्नपूर्णा असती तर तिनं त्याच्यावरही काहीतरी विचारलं असतं. तिला कॉलेजात गेल्यापासून ती सवय लागली होती. जेवायला बसलो की विचारायची, मामाच कायले आणतो नवरीले मांडवात, काका काऊन नाही? मी म्हणायचो, मले काय माहीत, भाजी वाढ. ती भाजी वाढायची आणि पुन्हा विचारायची. दीपक, आमचा मुलगा, पुण्याला नोकरीला लागला तेव्हा घर रिकामं झालं आणि तिनं ठरवलं की बारावीवर थांबलेलं शिक्षण पुढे न्यायचं. मी नको म्हटलं. तिनं प्रवेश घेतला. मुलीच्या वयाच्या पोरींशेजारी बाकावर बसायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायची, नवे शब्द घेऊन. ते शब्द मला आवडायचे नाहीत. घरात कोणी परका माणूस राहायला आल्यासारखं व्हायचं. आपण ज्याला भाऊबंदकी म्हणतो त्याला तिकडे वेगळंच काही म्हणतात, असं ती भाकरी थापता थापता सांगायची. आजही मला ते कॉलेज आवडत नाही. ती तिथे जाऊन सुखी होती, हेही मला माहीत आहे. दोन्ही खरं आहे.

“तुमी त्रिकोण हा,” तक्ता काढताना ती म्हणाली होती.

“काऊन?”

“टोकदार हा म्हणून.”

“अन् तू गोल कायले?”

“पोया लाटून लाटून,” ती म्हणाली आणि वाटी उलटी ठेवून पुढचा गोल काढला.

गजेंद्रनं चहा आणला. मी घेतला नाही. सर आता मुद्द्यावर आले. विभाग तपासायला समिती येणार होती, उद्याच. विद्यार्थ्यांचं काम भिंतीवर लावायचं होतं आणि अन्नपूर्णाबाईंचा तक्ता सगळ्यात सविस्तर होता, चार पिढ्यांचा. फक्त दोन अडचणी होत्या. पहिली, त्यांनी सांगितलं, ही. त्यांनी बोट ठेवलं ते माझ्यावर होतं. काळ्या गोलाशेजारी, बरोबरच्या खुणेपलीकडे, मी होतो. त्रिकोण. सगळ्या गोलांखाली आणि त्रिकोणांखाली नावं होती, माझ्याखाली नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, हे. आणि त्याच्या बाजूला जुन्या शाईत सरांचा शेरा होता, नाव लिहा.

तो शेरा मला माहीत होता. त्यासाठी तिचे गुण कापले होते आणि घरी येऊन तिनं ते सांगितलंही होतं, चप्पल काढता काढता. वर्गात पोरं हसली म्हणे. सर म्हणाले, ‘हे’ हा कोणता नातेशब्द? मी तिला म्हटलं, लिहून टाक ना, कागदच तं हाये. तेव्हा ती म्हणाली, “तोंडातून निघत नाही, तं हातातून कसं निघन?” हे तिनं रागानं नाही सांगितलं, मोटार सुरू का होत नाही हे सांगावं तसं सांगितलं. माझं नाव तिनं लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नंतर बायकांनी आग्रह केला की ती लाजून पळायची, मग वय झाल्यावर पळेनाशी झाली पण नाव घेईना. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की शेजारच्या बाईकडे बघायची आणि ती बाई सांगायची. याच कॉलेजात प्रवेश घेताना कारकुनानं विचारलं तेव्हा तिनं आधार कार्ड पुढे सरकवलं आणि म्हणाली, वाचा. बाजारात, पाहुण्यांत, फोनवर मी ‘हे’ होतो. हे जेवले नाहीत अजून. ह्यायले गोड चालत नाही. मी पलीकडच्या खोलीत असलो तरी त्या एका अक्षरात मला कळायचं की ती कोणाशी बोलत आहे, चिडली आहे की नाही, कोणाला टाळत आहे. घरात इतके शब्द होते, पण माझ्यासाठी तिच्याकडे तेवढाच होता आणि तो दुसऱ्या कोणासाठी ती वापरत नव्हती.

“तुमचं नाव सांगा, गजेंद्र लिहून टाकेल,” सर म्हणाले. “समितीसमोर असं ‘हे’ बरं दिसत नाही. लोक हसतील.”

“अन् दुसरी अडचन?”

दुसरी अडचण त्यांनी फार समजावून सांगितली. तक्ता एका माणसापासून सुरू होतो. तो माणूस ‘मी’. सगळी नाती त्याच्याकडून मोजतात. आता ‘मी’च हयात नाही, तर नाती मोजणार कोण? तेव्हा केंद्र बदलावं लागेल. तुमच्या त्रिकोणाला ‘मी’ करू, सर म्हणाले, काळा भरू. मग हे त्यांचे भाऊ आहेत ना, ते तुमचे साळे होतील. ही आई तुमची सासू. बाकी तक्ता तोच, फक्त बघणारा बदलला. त्यांनी हे अशा आनंदानं सांगितलं की मला त्यांचं ते बोट तक्त्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं. माझ्या नजरेनं तो तक्ता कोणी बघायचा? मी कधी त्याच्याकडे नीट बघितलंही नव्हतं. मी ओलांडून जायचो. तो तिनं तिच्या जागेवरून बघितलेला होता, फरशीवर बसून, आणि त्यात मी एका बाजूला होतो, बरोबरच्या खुणेपलीकडे. माझी जागा तीच होती. मला मध्ये नेऊन काळा भरला तर ती काय होणार? मृत पत्नी. एक पांढरा गोल आणि रेघ.

मी म्हटलं, तक्ता मले द्या, घरी नेतो. सर म्हणाले, तो आता विभागाचा आहे, गुण दिलेलं काम परत देत नाहीत. मग म्हणाले, तुम्ही भावनेच्या भरात आहात. मग म्हणाले, थोडा वेळ बाहेर मोकळ्या हवेत बसा, मी तास घेऊन येतो, तोवर विचार करा. मी उठलो. त्यांच्या समोरचा चहा माझ्या कोपराला लागून टेबलावर सांडला. मी पुसला नाही.

बाहेर लिंबाखाली सिमेंटचा बाक होता. पोरं मोटारसायकलींवर रेलून मोबाइल बघत होती. ती मला बघायची आणि नजर काढून घ्यायची. त्यांना माहीत असावं मी कोण. काकूंचे मिस्टर. ती पडली त्या दिवशीही सकाळचीच वेळ होती. ती कॉलेजला निघायची होती, केस विंचरलेले, पिशवी भरलेली. मी दुकानात होतो. सरस्वतीबाई पळत दुकानापर्यंत आल्या, पायात चप्पल नव्हती. म्हणाल्या, चाल लवकर, अन्नपूर्णा पडली, ह्यायले बोलवा म्हणते. मी मोटार तशीच खाली टाकली. पोचलो तेव्हा तिचे डोळे उघडे होते पण तोंड वाकडं झालं होतं आणि बोलणं गेलं होतं. अकोल्याला नेईपर्यंत मी गाडीत तिचा हात धरून बसलो आणि बोलत राहिलो, काय बोललो आठवत नाही. तिनं काही म्हटलं नाही. म्हणजे तिनं शेवटचं जे म्हटलं ते सरस्वतीबाईंना म्हटलं, आणि ते मी ऐकलं नाही. ह्यायले बोलवा. सरस्वतीबाईंनी ते मला सांगितलं नसतं तर मला तेही मिळालं नसतं. त्या बाईशी मी त्या दिवसापासून धड बोललो नाही, आणि ती मात्र कुंपणावरून रोज वाटीभर भाजी ठेवून जाते. मला त्या भाजीचाही राग येतो. दीपकचा येतो, तो फोनवर म्हणतो पप्पा इकडे या, इथे तुम्हाला करमेल. नातेवाइकांचा येतो, त्यातल्या एकानं तर तेरवीच्या पंगतीत बसूनच माझ्यासाठी कुठल्याशा गावची विधवा सुचवली, हळू आवाजात, वरण ओढता ओढता. आणि त्या लाल पेनाचा येतो. लाल कायले? काळी मारली असती तर निदान तिच्या हातच्या रेघांसारखी दिसली असती.

तास संपला नव्हता तरी मी आत गेलो. विभागात एक मुलगी होती, एकटी, स्टुलावर चढलेली. तिच्या हातात व्हाइटनरची बाटली होती. मी दारातच ओरडलो, उतर खाली. ती दचकली पण उतरली नाही. म्हणाली, “मी समता. काकूजवळ बसत होती मी.” हे नाव मी ऐकलं होतं. समताचा डबा, समताची आई, समतानं आज वर्गात काय म्हटलं. घरात तिचं इतकं नाव झालं होतं की मी कंटाळलो होतो.

“सरायनं सांगतलं ‘हे’ पुसून ठेव म्हणून,” ती म्हणाली. “मी नाही पुसून राह्यली. नुसती उभी हावो.”

“अन् रेघ कोणी मारली?”

“मीच.”

लहान चणीची मुलगी, ओढणी कमरेला बांधलेली. तिला झापावं असं मनात होतं आणि तोंडात शब्दही होते. पण तीच आधी बोलली आणि तिचा आवाज माझ्याहून कडक होता. तिनं सांगितलं की सरांनी गजेंद्रला सांगितलं होतं. त्यानं पेन उघडलंही होतं, हातात होतं ते लाल पेन, आणि त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं आधी बरोबरच्या खुणेवरच पेन टेकवलं. तिनं त्याच्या हातातून ओढून घेतलं. “कोणी ना कोणी मारनारच होतं ना काका. मले वाटलं, दुसऱ्याच्या हातानं काऊन? तुमी तं एकदाही नाही आले इकडे. काकू इथं काय करते, पाहाले तरी या लागत होतं.” हे ऐकून मी हात उगारला असता, इतका राग आला. उगारला नाही. मी जवळ जाऊन तक्ता बघितला. बरोबरच्या दोन आडव्या रेघांपैकी वरच्या रेघेवर एक लाल ठिपका होता, टेकवून उचललेल्या पेनाचा.

“इथं कायले नाही मारली मंग?” मी त्या खुणेवर बोट ठेवून विचारलं. “बायको मेली, लगन खतम.”

“नाही. ते फारकतीत कापतात. मरनानं नाही कापत. मानसावर रेघ, खूण तशीच.”

“अन् जो मागं राह्यला त्याले काय खूण?”

तिनं विचार केला. मग म्हणाली, काहीच नाही, त्रिकोण तसाच राहतो. मी तिच्या हातातून व्हाइटनर घेतलं आणि खिशात टाकलं. तिनं दिलं. स्टुलावरून उतरून ती बाजूला उभी राहिली, भिंतीला टेकून, आणि आम्ही दोघं त्या तक्त्याकडे बघत राहिलो. मला ती मुलगी आवडली नाही. पण तिथून ती जाऊ नये असंही वाटत होतं. खाली दीपकचा त्रिकोण होता, वर माझ्या आईचा गोल, डावीकडे अन्नपूर्णाचे भाऊ, त्यातला एक माझ्याशी बोलत नाही. सगळे आपापल्या नावासकट गप्प होते. नाव नसलेला मीच.

सर तास संपवून आले, हाताला खडू लागलेला, मागे गजेंद्र. झालं का, असं त्यांनी समताला विचारलं. ती भिंतीला टेकूनच राहिली. त्यांनी तक्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि थकल्यासारखा श्वास सोडला.

“काका, मी तुमच्याशी चांगल्या शब्दांत बोलतोय. नाव लिहावंच लागेल.”

“लिवा. आधी ही लाल रेघ पुसा.”

“ती कशी पुसणार? त्या हयात नाहीत. ते सत्य आहे. सत्य पुसता येत नाही.”

“मंग ‘हे’बी पुसता येत नाही,” मी म्हणालो.

मला वाटलं आता ते चिडतील, आणि चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर ते मघाचंच हसू आलं, शिकवणाऱ्याचं. ते मागे वळून म्हणाले, गजेंद्र, हे वाक्य लिहून घे, जसंच्या तसं, त्यांच्या बोलीत. आणि गजेंद्र खिशातून पेन काढू लागला. मी त्यांच्या दोघांच्या मधून चालत बाहेर आलो. मागून समताचा आवाज आला, नको लिवू बे, आणि काहीतरी खाली पडल्याचा. मी वळून बघितलं नाही.

नांदुऱ्याच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. व्हाइटनरची बाटली मांडीला टोचत होती. त्यांच्याकडे दुसरी बाटली असेल, कॉलेजात अशा ढीगभर असतात, हे मला कळत होतं. पेन असेल, गजेंद्र असेल. पण समिती सकाळी येणार आहे आणि पहिली गाडी त्याच्या आधी पोचते. उद्या दुकान उघडणार नाही. त्या विभागात जाऊन तक्त्याखाली खुर्ची टाकून बसणार आहे. उठ म्हणतील, उठणार नाही. समितीचे लोक येतील, तक्ता बघतील, कोणीतरी त्रिकोणावर बोट ठेवून विचारेल, हे कोण? तेव्हा मी उभा राहीन. नाव सांगणार नाही.